विहीणबाईंची हिरवी पँट

सडक अर्जुनी
रविवार

प्रिय भूमिका,

पत्र बघून दचकू नकोस. फोनच करणार होते, पण तुला फोन केला की मागून विहीणबाईंचा आवाज येतोच. "भूमिका, कुकर बंद करू का गं?" "भूमिका, माझा चष्मा दिसला का?" मग तू मला "आई, एक मिनिट हं" म्हणतेस आणि मी फोन कानाला लावून तुम्हा दोघींचं बोलणं ऐकत बसते. बोलणं कमी, हसणंच जास्त. म्हणून म्हटलं लिहावं. पोस्टात लागल्यापासून लोकांची पत्रं वाटत फिरते, आता एक आपलंही टाकू. सध्या सुट्टीवर आहे, त्यामुळे वेळही आहे. सुट्टी कशाची ते पुढे सांगते. पत्र मुद्दाम तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय, कुडव्याला सासरच्या घरी नाही. तू एकटीने वाचावंस म्हणून.

इकडे उन्हाळी धान कापायला आलाय. तुझे बाबा सकाळपासून बांधावर असतात आणि घरी आले की हार्वेस्टरवाल्याला फोनवर शिव्या देतात. बाकी सगळं ठीक. ठीक नाही ती मीच, आणि तेही वीरेंद्रच्या साखरपुड्यापासून. तुझ्या मामाकडचं कार्य म्हणून मी कपाटातली जांभळी सिल्कची साडी काढली होती. पिना लावता लावता बोटं दुखली. हॉलमध्ये आले तर सगळ्या बायका एका खुर्चीभोवती गोळा झालेल्या. मला वाटलं नवरी आली. बघते तर तुझ्या सासूबाई! गर्द हिरवी सुती पँट, घोट्याच्या जरा वर थांबणारी, वर मोतिया पांढरा आखूड कुडता, पायात साध्या चपला. माझ्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत त्या, आणि अंगाने जाडही. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. त्या दिवशी मात्र त्या माझ्या धाकट्या बहिणीसारख्या दिसत होत्या, ते काही मला सहन झालं नाही.

आणि वर त्यांचं व्याख्यान सुरू होतं. "जीन्स नाही हो, आपल्या गोंदियाच्या उन्हात जीन्स कशाला? कमरेला रुतते, पावसाळ्यात वाळता वाळत नाही. माझी भूमिका म्हणते, कापड सुती घ्या, कमरेची पट्टी पुढून सपाट अन् मागून इलॅस्टिकची. कुडता आखूड असेल तर पँट जरा ढगळ, कुडता लांब असेल तर पँट खाली निमुळती. अन् खिसा तर पाहिजेच." बायका माना डोलवत होत्या. "माझी भूमिका" हे त्या किती वेळा म्हणाल्या, मी मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी मला ऐकू गेलं. मग तू आलीस, साडी आवरून सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसलीस आणि त्यांच्या पँटच्या एका पायाची मोहरी खाली आली होती ती दुमडून नीट केलीस. तुझी रेणूआत्या माझ्या कानाशी लागून म्हणाली, "योगेश्वरी, तुही पोरगी तं सासूलेच माय समजून राहिली." मी म्हटलं, "चांगलंच आहे की." आणि तिथून उठून पुलाव वाढून घेतला. भूक नव्हती.

भूमिका, ते जीन्सचं बोलणं माझं आहे गं. रुतते, वाळत नाही, उन्हात अंग उकडतं. अकरावीत तू जीन्ससाठी रुसून बसली होतीस तेव्हा शब्दन् शब्द मी तुला सांगितलं होतं. दोन वेळा जेवली नाहीस. मग आपण दोघी चैतराम शिंप्याकडे गेलो आणि तपकिरी कापडाची सरळ पँट शिवून घेतली. त्याने "लेडीज पँटीले खिसा कायले?" विचारलं तर मी त्याच्याशी भांडले. ती पँट घालून तू कॉलेजात गेलीस, आणि परत येऊन म्हणालीस की सगळ्या पोरी कुठून घेतली विचारत होत्या. आज तू दुकानात दिवसभर बायकांना पँटी दाखवतेस, त्याची सुरुवात तिथून झाली असं मी आपलं धरून चालले होते. आता ती बुद्धी सगळी तुझ्या सासूबाईंच्या, फुलवंताबाईंच्या घरची झाली. दुकानात इतक्या बायका येतात, त्यांना तू रंग सुचवतेस, लांबी सुचवतेस. मला एकदाही म्हणाली नाहीस, आई, तू घालून बघतेस का? आईचं म्हणजे साडीच, हे तू कधी ठरवलंस?

साखरपुड्यानंतरच्या आठवड्यात मी गोंदियाला आले होते. तुला माहीत नाही. बाबांना हेड ऑफिसात काम आहे म्हणून सांगितलं आणि वाटेतल्या गोरेगाववरून जाणारी बस धरली. मनात होतं की गिऱ्हाईक होऊन तुझ्या दुकानात शिरायचं आणि म्हणायचं, "ताई, पँट दाखवा." बसमध्ये एकटीच हसत होते. दुकानासमोर रसवंतीपाशी पोचले आणि काचेतून दिसलं ते बघून पाय तिथेच थांबले. विहीणबाई आधीच आत होत्या. तू ट्रायल रूमचा पडदा धरून उभी, त्या नव्या पँटमध्ये बाहेर आलेल्या, आणि तुम्ही दोघी आरशात बघून अशा हसत होतात की तुझे खांदे हलत होते. लहानपणी मी गुदगुल्या केल्या की तू अशी हसायचीस. मी रस घेतला, उभ्या उभ्या प्यायले आणि परतीच्या बसला लागले. तू बाहेर बघितलं असतंस तर मी दिसले असते.

मग माझं डोकं फिरलं म्हण. आपल्याला कुणाची गरज नाही, आपलं आपण घेऊ. बाजाराच्या दिवशी रस्त्यावरच्या ढिगातून एक पँट उचलली. दिसायला जीन्स, हाताला रबर. विकणारी बाई म्हणाली, "जेगिंग होय ताई, फ्री साइज, कुणालेही येते." मला आली, पण मी तिच्यात मावले एवढंच. बसता येईना, वाकता येईना. आरशात बघितलं तर मी दोरीने आवळलेल्या पोत्यासारखी. नेमके तेव्हाच बाबा शेतातून आले. "हे काय घालून राहिली?" म्हणाले आणि तोंडावर गमछा धरून मागच्या दारी गेले. हसू आवरायला गेले होते, मला काय कळत नाही? त्या पँटचं मी फडकं केलं. मेलं पाणीही टिपत नाही. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा साडी नेसून स्कूटीवर.

आता सुट्टीचं सांगते. गेल्या मंगळवारी टपाल घेऊन कोहमाऱ्याकडे निघाले होते. हायवेला लागायच्या आधी मागून ट्रकने हॉर्न मारला, मी गाडी बाजूला घेऊन पाय टेकवायला गेले, तर पाय निऱ्यांत अडकला. गाडी डाव्या अंगावर आली. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय, लिहायचा हात शाबूत आहे. घाबरू नकोस. हाताचं मला फार नाही वाटलं. साडी गुडघ्याच्या वर सरकली होती, ढाब्यावरचे ड्रायव्हर धावत आले आणि मला गाडीखालून ती खालीसुद्धा ओढता येईना. त्यांनी माना वळवल्या, भली माणसं होती, ढाब्यावरच्या बाईने अंगावर चादर टाकली. पण ते काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तुला कळवू नका अशी शपथ मीच बाबांना घातली. तू विहीणबाईंना घेऊन धावत येशील आणि त्या हिरव्या पँटमध्ये माझ्या खाटेशी बसतील, एवढं एकच मला दिसत होतं.

बाबा आता गाडी विकायला निघालेत. "साडी गुंडाळून कायले फिरतेस गावोगाव, घरी बस," म्हणतात. मी म्हटलं, गाडीचा काही दोष नाही, साडी बदलते. ते म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, विहीणबाईंचं वय विचारा आधी. तेव्हापासून गाडीची चावी त्यांनी आपल्या खिशात ठेवलीय. प्लास्टर निघालं की मला कामावर जायचंय, गाडीवरच जायचंय, आणि त्यासाठीच हे पत्र. मला पँटी हव्यात. रोज उन्हात चालतील अशा, गाडीवरून चटकन पाय टेकवता येईल अशा, हात बरा होईपर्यंत नाडी बांधायला लागणार नाही अशा. रंग कुठलाही, फक्त हिरवा नको. माप मी लिहिणार नाही. विहीणबाईंचं माप तुला तोंडपाठ आहे, माझं येऊन घे. दुकानातून दोनचार उचलून आण, आणि या वेळी एकटी ये. पुढच्या वेळी आण त्यांना, मी नाही म्हणणार नाही. आणि दारातून आत आलीस की माझा हात बघून रडत बसू नकोस, आधी पिशवी उघड.

तुझीच, आणि आधीपासूनची,
आई