मठाची धुतलेली पडवी

ताकायामा, ४ मे १९६३

चि. किसाबुरो यास शिगेनोताईचा आशीर्वाद. वि. वि.

वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. मठाच्या पडवीत कमरेवर हात ठेवून उभा आहेस आणि मागे दोनशे वर्षांचं हिनोकीचं लाकूड पिंजलेल्या कापसासारखं पांढरं. आमच्या ह्यांनी तोंड भरून कौतुक केलं. मी पान उलटं घातलं. जुनं लाकूड धुतलं तरी जुनंच दिसायला हवं, फक्त स्वच्छ. तू त्याला पावडर फासून बोहल्यावर चढवलंयस. पेंढ्याच्या राखेचं पाणी उकळायचा आळस, म्हणून बाटलीतलं औषध ओतलंस, हे मला इथे बसून दिसतंय. आणि नंतर पाणी किती मारलंस? बाबा एकेका फळीवर दहा बादल्या ओतायचे. पावसाळा येऊ दे, तुझी पडवी मांजरासारखी केसाळ होईल.

खोकला कसा आहे? माझा लोभ आहेच. तो तुझ्या अकलेवर नाही, नात्यावर आहे.

शिगेनोताई

क्योतो, ११ मे

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बायको पोट धरधरून हसली. लाकूड धुण्याचा पिढीजात धंदा बाबांनी माझ्या हाती दिला, तुझ्या नाही. राख चाळली आणि फळ्या पुसायच्या कोंड्याच्या पुरचुंड्या शिवल्या, एवढ्यावर कारागीर होता आलं असतं तर आपली मोलकरीणही झाली असती. बाबांनी तुला एका तरी फळीला हात लावू दिला का? तू मिसोवाल्यांची सून, सोयाबीन आंबवून मिसो ढवळ. पुढच्या वर्षी सभामंडप धुवायचं काम मठाधिपतींनी मला कबूल केलंय. आपल्या तीन पिढ्यांत ते कुणाला मिळालं नव्हतं.

भाऊजींना नमस्कार. मिसोचा डबा आला तर लोभात भरच पडेल.

किसाबुरो

क्योतो, १९ जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

हसू नकोस. पडवीवर लाकडाच्या तंतूंची लव आली आहे. परवा मठाधिपती तिच्यावरून चालले तर पांढऱ्या मोज्यांना कुसळं चिकटली. त्यांनी मोजा काढून माझ्या नाकासमोर धरला. आता ते प्रवासाला गेलेत, दहा ऑगस्टला परततील. तोवर पडवी सुधारली नाही तर मंडप दुसऱ्याकडे जाणार, आणि बाबांचं नाव क्योतोत कुणी घेणार नाही. यावर बाबांचा काहीतरी उतारा होता. तुला ठाऊक असेल तर ये. कुणाला सांगू नकोस मात्र.

तुझ्या लोभावरच आता सगळं आहे.

किसाबुरो

ताकायामा, २३ जुलै

चि. किसाबुरो यास आशीर्वाद.

उतारा बाबांनी तुला सात वेळा सांगितला. तू रेडिओवर बेसबॉल ऐकत होतास. मी दाराआड राख चाळत ऐकत होते. येते आहे. लोखंडी बादली दिसली तर आल्या पावली परत फिरेन. ओल्या लाकडावर लोखंडाचे काळे डाग पडतात, हेही तुला सांगावं लागतं. तू पाणी भरायचंस आणि तोंड मिटायचंस. बदल्यात मला एकच गोष्ट हवी. काम कुणी केलं, हे मठाधिपतींना खरं सांगायचं. यात माझाही हात आहे असं बाबांनी कधीच म्हटलं नाही, निदान कुणीतरी म्हणू दे.

शिगेनोताई

क्योतो, १२ ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

मठाधिपती गुडघ्यांवर बसले, फळ्यांवरून तळहात फिरवत राहिले आणि त्यांनी विचारलं, की हे कुणाच्या हातचं? समोर दहा भिक्षू उभे होते. माझ्या तोंडून निघालं, की माझ्या. ताई, बाईमाणसाने केलं म्हटलं असतं तर मंडप गेला असता. तू आठ दिवस वाळल्या गवताने लव घासलीस, कोंड्याच्या पुरचुंडीने पुसलंस, हे मी मनातून कधी विसरणार नाही. मंडप आपला झाला!

तू मोठी आहेस, समजून घेशील. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

किसाबुरो

ताकायामा, १६ ऑगस्ट

चि. किसाबुरो यास आशीर्वाद. वि. वि.

समजून घेतलं. तुला पाळण्यात असल्यापासून ओळखते.

बाबांची एक रीत तू विसरलास. शेवटची फळी ते तशीच ठेवायचे आणि मालकासमोर करून दाखवायचे, म्हणजे काम कुणाचं याचा प्रश्नच उरत नसे. पडवीच्या मूर्तीमागच्या टोकाला चटईखाली मी एक फळी तशीच ठेवली आहे. निघताना मठाधिपतींसाठी माझा पत्ता घालून चिठ्ठीही ठेवली, की ज्याने पडवी केली तो ही फळी आपल्यासमोर करील. खरं बोलला असतास तर गाडी पकडून मीच ती फळी करायला आले असते.

आज त्यांचं उत्तर आलं. वीस तारखेला सकाळी सगळ्या भिक्षूंना घेऊन ते तुझ्यासमोर बसणार आहेत. तुलाही निरोप येईल.

राखेचं पाणी किती तिखट ठेवायचं, गवत कितपत दाबायचं, हे मला विचारू नकोस. आठ दिवस शेजारीच उभा होतास. बघितलं असशीलच.

शिगेनोताई