लाल ठिपका खोडू नकोस

ताई,

धाकटीला घेऊन दवाखान्यात जातोय, तिच्या रक्तातलं शिसं तपासायला. तुला झोपेतून उठवलं नाही.

काल मी तोंडाला येईल ते बोललो. तू रस्त्यारस्त्यावरची धूळ गोळा करून, तपासून घेऊन नकाशा केलास, त्यात सगळ्यात जास्त शिसं आपल्याच गॅरेजसमोर निघालं, आणि मी तुला घरभेदी म्हणालो. तू गॅरेजवरचा लाल ठिपका पुसायला खोडरबर हातात घेतलंस, तेव्हा माझी मलाच लाज वाटली.

तो लाल ठिपका खोडू नकोस. चाकं बॅलन्स करायला मी लावतो ती शिशाची वजनं निखळून रस्त्यावर पडतात आणि गाड्यांखाली त्यांचं पीठ होतं, हे मला वीस वर्षं दिसत होतं. मी डोळ्यांवर कातडं ओढून बसलो आणि धाकटीला तिथेच खेळू दिलं. तू ब्रश नि चमचा घेऊन चार महिन्यांत छडा लावलास. बापाचीही भीड ठेवली नाहीस. इतकं सरळ माणूस आपल्या घराण्यात पहिल्यांदाच जन्माला आलंय.

लोखंडी वजनं मागवली आहेत. माझे कामाचे कपडे दाराबाहेर आहेत, ते घरच्या धुण्यात मिसळू नका. फरशी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. आईला एवढंच सांग की आम्ही दुपारपर्यंत येतो.

संध्याकाळी शाळेच्या प्रदर्शनात नकाशा मांडताना कोणी विचारलं, हे गॅरेज कोणाचं, तर मान खाली घालू नकोस. मी तोवर तिथे पोचलो असेन. मीच हात वर करीन.

बाबा