कांद्याची क्षमा

पुणे, १० जुलै १९७८

तीर्थरूप काकांना शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण मन ठिकाणावर नाही. संस्थेतली माझी नोकरी अजून कच्चीच आहे. दोन वर्षांपूर्वी माझा लेख छापून आला तेव्हा तुम्ही रिसोडभर पेढे वाटलेत. तो कशावर आहे हे कुणी विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही. कांद्याच्या मुळात एका पेशीच्या दोन होताना मधली भिंत कशी उभी राहते, यावर तो आहे.

पण आमच्या धंद्यात नुसतं छापून भागत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या लिखाणाच्या तळाला त्याचा दाखला द्यावा लागतो: अमक्याचा लेख, अमुक खंड, अमुक पान. माझा दाखला आजवर कुत्र्यानेही दिलेला नाही. संचालक म्हणाले, एप्रिलपर्यंत एक तरी आला तर पक्का करतो. नाहीतर तुमच्या दुकानात धोतरं मोजायला मी हजर.

कांद्याचं काकूला सांगू नका. आपल्या जैन घरात कांदा उंबरा ओलांडत नाही.

लोभ आटू देऊ नये.
आपला, महावीर


रिसोड, २ ऑगस्ट १९७८

चि. महावीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचायची माझी सवय तुला माहीत आहे. 'काकूला सांगू नका' इथवर पोचलो तोवर काकूने सगळं ऐकलं होतं. आधी जेवणाचं ताट बाजूला सारलं. मग जे बोलली ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलंय: "बाबू, तू कांदा खात नाहीस, थे बरं हाय. पन त्याचे जीव काहून मारून राह्यला? मले घास गोड लागून नाही राह्यला. त्या कांद्यायची माफी कोन मांगन?"

तू काळजी सोड. तुझा दाखला आणि तिची माफी, दोन्हींचा बंदोबस्त मी एकदमच करतो. पर्युषण जवळ आलंच आहे. फक्त खंड आणि पान तेवढं कळव.

तब्येतीस जपावे, आम्हांस विसरू नये.
तुझा काका, भागचंद


पुणे, २८ सप्टेंबर १९७८

ती. काकांना सा. न.

हे काय करून बसलात? खंड आणि पान मी कळवलं ते यासाठी? पर्युषण संपलं की सगेसोयरे आणि व्यापारी यांना क्षमेची छापील कार्डं धाडायची आपली रीत मला ठाऊक आहे. पण यंदाचं कार्ड आमच्या संचालकांना कायले पाठवलं? आणि त्यात हे: "तसेच आमचा चि. महावीर याने कांद्याच्या मुळातील असंख्य पेशी मारल्या, त्याबद्दल समस्त परिवार हात जोडून क्षमा मागतो. दाखला: त्याचा लेख, खंड सात, पान एकेचाळीस."

संचालक इतके हसले की चष्मा चहात पडला. मग म्हणाले, दाखला चोख आहे, पण कापडदुकानाचा चालत नाही. आता प्रयोगशाळेत येणारा-जाणारा माझ्या कांद्याच्या टोपलीला नमस्कार करतो. मला रडावं की हसावं कळत नाही.

रागावलो आहे, तरी लोभ असू द्यावा.
महावीर


रिसोड, १५ ऑक्टोबर १९७८

चि. महावीर यास आ.

कापडदुकानाचा चालत नाही हे आधी सांगायचं होतंस. कार्डं तर वाशीम, मालेगावपासून थेट आपल्या तारामतीकडे आफ्रिकेत पोचली. जावई नैरोबीच्या कॉलेजात शिकवतात ना, त्यांनी ते चहाच्या वेळी सगळ्यांना इंग्रजीत करून सांगितलं म्हणे. मुळांचा अभ्यास करणारा एक म्हातारा साहेब मात्र हसला नाही. कार्ड मागून घेऊन गेला. विचित्र माणूस दिसतो.

काकूचं जेवण पूर्ववत झालं आहे. तूही वेळेवर जेवत जा.
तुझा, भागचंद


पुणे, २० एप्रिल १९७९

तीर्थरूप काका आणि काकू यांना शि. सा. न.

नोकरी पक्की झाली!

नैरोबीच्या त्या साहेबाचा मोठा लेख छापून आला. त्यात माझा दाखला आहे: माझं नाव, खंड सात, पान एकेचाळीस. त्यांनी मला पत्रही लिहिलं. म्हणतात, माफीसकट आलेला दाखला जन्मात पाहिला नव्हता, म्हणून लेख शोधून काढला. आणि त्यांचं ज्या भिंतीपाशी वर्षानुवर्षं अडलं होतं, ती त्यांना माझ्या पानावर सापडली. ग्रंथालयात उभ्या उभ्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुमच्यावर रागावलो होतो, ते मनातून काढून टाका.

संचालकांनी परवा कांद्याच्या टोपलीला स्वतः नमस्कार केला.

आशीर्वाद असाच डोक्यावर ठेवावा.
आपला, महावीर


रिसोड, ५ मे १९७९

चि. महावीर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

पेढे वाटले. या वेळी कशावर ते विचारणाऱ्यांना कांद्यावर म्हणून सांगितलं. दोघांनी पेढा परत ठेवला.

काकू खूश आहे, पण तिला एक घोर लागला आहे. त्या साहेबानेही आयुष्यभर कांदेच मारले असणार, आणि त्या बिचाऱ्याच्या घरी कार्ड छापणारं कोणी नाही. म्हणून यंदा त्याचीही क्षमा आपणच मागायची, असं ठरलं आहे. त्याचा खंड आणि पान लवकर कळव. तुझ्या हातून यंदा काय मेलं तेही लिही, म्हणजे कार्डं एकदमच छापायला टाकता येतील.

माया आहे ती राहू दे.
तुझा काका, भागचंद