खडूची खूण

बेळगाव,
मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपार

प्रिय नागेंद्रअण्णास,
धाकट्या रूपालीचा नमस्कार.

मी बरी आहे. तू कसा आहेस? वेळेवर जेवतोस का नुसता चहा-बनवरच चाललंय? तुझा मोबाईल पाटाच्या पाण्यात पडला हे आईनं काल सांगितलं. म्हणाली, "रोज रात्री कुणाच्या तरी फोनवरनं बोलतोय, पर दिवसा कुठं असतोय देवाला ठाऊक." म्हणून हे पत्र. आमच्या कंपनीचा टेम्पो घेऊन भरमू दोन वाजता निपाणीला निघतोय, त्याच्या हातात देईन. अक्कोळचा तुमचा उसाचा फड त्याला माहीत आहे.

बेळगुंदीत सगळं ठीक. रताळी काढून झाली, यंदा माल चांगला आला. मी रविवारी गेलते तर शेजारची म्हातारी आली आणि गुडघा पुढं करून बसली. "डॉक्टर झालीस न्हवं? मग दे की गोळी." तिला कसं सांगू मी लोखंडाची डॉक्टर आहे म्हणून! आप्पा तर पाव्हण्यांना सांगतात, "पोरगी अजून शिकतीयाच." पीएच.डी. झाल्यावरही संशोधन असतं, आणि त्यातले सहा महिने कारखान्यात जाऊन करायचे असतात, हे त्यांना मी चारदा सांगितलं. पाचव्यांदा त्यांनीच हात जोडले.

तुला तरी कळतंय, कारण तू एकदा बघून गेलास. आमची फाउंड्री ट्रॉलीच्या चाकांचे हब, म्हणजे मधले तुंबे, ओतते. माझं काम एवढंच: ओतलेल्या नगावर यंत्राचा बोटाएवढा तुकडा ठेवायचा, आत आवाजाची लहर सोडायची आणि ती कुठं अडखळते ते पडद्यावर बघायचं. आपल्या रताळ्यासारखंच असतंय बघ. बाहेरनं गुळगुळीत, टवटवीत, आणि मोडलं की आत किडीनं भोक पाडलेलं. लोखंड मोडून बघता येत नाही, म्हणून हे यंत्र. आमचे युनिव्हर्सिटीतले सर म्हणाले होते, "इतकी वर्षं प्रयोगशाळेतले तुकडे तपासलेत, आता खरा माल तपासा." आमच्या विभागातनं कंपनीत गेलेली मी पहिलीच. माझं नीट झालं तर मागच्या दोन मुलींना हे दार उघडेल.

खंडेनवमीचं तुला सांगितलंच नाही. आदल्या दिवशी अख्खी फाउंड्री धुऊन काढली. भट्टीवाल्यांनी पाइप लावून जमीन, यंत्रं, मालाच्या राशी, सगळं चकचकीत केलं. काळ्या वाळूतली ती माणसं, पण त्या दिवशी अंगणात सडा घालावा तशी हौस. दुसऱ्या दिवशी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, झेंडूची माळ. मॅनेजर स्वरूप सरांनी ताट माझ्या हातात दिलं. "मॅडम, तुमच्या यंत्राची पूजा तुम्हीच करा." अण्णा, मला लई भरून आलं. एवढ्या बाप्यांत मी एकटी बाई, त्यातही चार दिवसांची पाहुणी. माझ्या यंत्राला कुंकू लावलं, मग मागच्या हबच्या राशीलाही लावलं. फोटो काढला. तो आईच्या फोनवर आहे, आई येईल त्याला दाखवत असते.

थांब जरा. परशराम आलाय.

गेला. परशराम म्हणजे आमचा माल तपासणारा इन्स्पेक्टर, काकतीचा. साधा माणूस आहे. जेवायला चला म्हणून सांगायला आलता, मी पोट बिघडलंय म्हणाले. काल संध्याकाळपासनं घास उतरत नाही, तेवढं खरंच आहे.

तुझे नवे हब कसे चाललेत?

बघ, विचारलं शेवटी. सकाळपासनं हा एकच प्रश्न विचारायचाय आणि मी तुला रताळी सांगत बसलेय. आता सरळ सांगते. रागावू नकोस. रागावलास तरी चालेल, पण आधी ट्रॉली उभी कर.

खंडेनवमीच्या आठवड्यात एका दिवसाच्या ओतकामात मला खोट सापडली होती. काही हब आतनं पोकळ होते. तिथंच, जिथं सगळा भार येतो. मी ते वेगळे काढून माझ्या यंत्रामागं राशीला लावले आणि प्रत्येकावर खडूनं फुली मारली. खडूनंच, कारण शिकाऊ माणसाला पेंट लावायची परवानगी नाही. इथली पद्धत तशी आहे: आम्ही खडूनं लिहायचं, मग परशराम येऊन खात्री करणार आणि पिवळा पेंट मारणार. पेंटवाला नग परत भट्टीत जातो. परशराम त्या वेळी सणाला रजेवर होता. आल्यावर मारेल, असं मी धरून चालले. आणि पूजा उरकून मी युनिव्हर्सिटीत गेलते, दिवाळी करून काल परत आले.

काल माझी आकडेवारी पूर्ण करायला ती रास शोधली. रास नाही. परशरामला विचारलं, तर तो म्हणाला, "पेंट मारल्याला समदा माल भट्टीत गेला की मॅडम." मग मी आईकडनं तो फोटो मागवला आणि मोठा करून बघितला. माझ्यामागं हबची रास आहे, झेंडूची माळ आहे, मी स्वतः लावलेलं कुंकू आहे. फुली एकावरही नाही. धुऊन गेली रे. देवाची म्हणून त्या माणसांनी रास घासूनपुसून लख्ख केली, आणि मी वर ताट घेऊन हसत उभी आहे.

मग चलनाची वही बघितली. तो माल दिवाळीच्या आधी बाहेर पडला. उसाचा हंगाम सुरू होणार म्हणून घाईनं भरला. निपाणीच्या ट्रॉलीवाल्याकडं गेला. आणि तू तिथंच मागच्या ट्रॉलीचे हब बदललेस. "आमच्या रूपाच्या कंपनीचा माल हाय, डोळं झाकून बसव," असं म्हणालास म्हणे. आई किती कौतुकानं सांगत होती.

अण्णा, मला भीती वाटतीया. डोळ्यांसमोर सारखा तवंदीचा घाट येतोय. भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागनं ट्रक चिकटलेला, आणि तुझं ते एका हातानं स्टिअरिंग धरून मागं वळून बघणं. परतताना ऊसतोड टोळीतल्या बायका पोरांना घेऊन रिकाम्या ट्रॉलीत बसतात, हे तूच सांगितलंस. सकाळपासनं तुझ्या जोडीच्या रवळूला फोन लावतेय. नुसती रिंग जातीया, उचलत नाही. प्रत्येक रिंगला वाटतं, आता कोणीतरी दुसराच उचलणार.

तुझेच हब ते आहेत असं मी म्हणत नाही. नसतीलही. चाकामागं हात घालून बघ, कडेला उठावाची अक्षरं आहेत, इंग्रजी के आणि पुढं सात. ती असली तर त्या दिवसाचा माल. त्यातलाही प्रत्येक नग खोटा नाही. पण तुझा कुठला, ते यंत्र लावल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही. तू हातोडीनं ठोकून बघणार आणि म्हणणार, "टणटण वाजतोय, काय झालं न्हाय." अण्णा, तुला माझी शपथ आहे, तसं करू नकोस. ठोकून हे कळत नाही. फेरी बुडाली तर बुडू दे, मुकादम ओरडला तर ओरडू दे.

कंपनीत अजून कुणाला सांगितलेलं नाही. वर स्वरूप सरांच्या केबिनपर्यंत दोनदा गेले आणि परत आले. पुढच्या आठवड्यात माझे सहा महिने संपतात. सर कालच म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखं माणूस आम्हाला कायमचं पाहिजे." आता कुठल्या तोंडानं सांगू? ते परशरामला विचारतील, परशराम म्हणेल मला कुणी सांगितलंच नाही, आणि तेही खरंच आहे. त्याचीही नोकरी जाईल. सगळे म्हणतील, युनिव्हर्सिटीची पोरगी आली आणि माल बदनाम करून गेली. त्या मागच्या दोघींना मग दारात कोण उभं करणार?

खरं सांगू का? तुला पत्र लिहायला बसले तेव्हा मनात असं होतं की तुझी एकट्याची ट्रॉली थांबवावी आणि गप्प बसावं. हब काढून टाक म्हणावं, कारण काहीतरी सांगावं. माझा भाऊ वाचला की झालं. पण ती रास काय एकट्या तुझ्यासाठी नव्हती. बाकीचे हब कुणाच्या तरी ट्रॉलीला फिरतायत, आणि त्या माणसांची बहीण काही या फाउंड्रीत नाही.

भरमू खाली हॉर्न वाजवतोय.

आणि आत्ता माझ्या ध्यानात आलं, अण्णा. तू पत्र मिळाल्या मिळाल्या कधी वाचलंयस? मी हॉस्टेलवरनं लिहायची तेव्हाही खिशात कोंबायचास आणि म्हणायचास, "गाडी मोकळी झाली की निवांत वाचतो." आजही तेच करणार. खिशात घालणार, ट्रॉली भरणार, घाट ओलांडणार आणि साखर कारखान्याच्या रांगेत उभा राहिल्यावर उघडणार. मी तीन पानं लिहिली आणि हे मला शेवटच्या पानावर सुचतंय. काय म्हणावं या डोक्याला!

तेव्हा आता लिहून भागणार नाही, तोंडानंच सांगायला पाहिजे. मी खाली जाते आणि भरमूला सांगते, पत्र नंतर दे, आधी ट्रॉलीसमोर टेम्पो आडवा घाल. तो विचारणार का म्हणून. का ते सांगितल्याशिवाय तो आडवा घालणार नाही, आणि त्याला सांगितलं म्हणजे संध्याकाळपर्यंत अख्ख्या उद्यमबागेतल्या कारखान्यांना कळलं. त्याच्या आधी स्वरूप सरांना माझ्याच तोंडून कळलं पाहिजे. म्हणजे टेम्पो फाटकाबाहेर पडला की मला जिना चढायचा आहे. तिसऱ्यांदा. लहानपणी विहिरीच्या काठावर तू मागं उभा राहून म्हणायचास, "जा, मी हाय." तेवढं मनातल्या मनात म्हणून घेते.

यंत्र डब्यात भरून ठेवलंय. सरांनी गाडी दिली तर आजच निपाणीला येते. नाही दिली तर बसनं येते. तुझी ट्रॉली पहिली तपासणार नाही. जी रस्त्यावर सापडेल ती पहिली.

हे तू वाचत असशील, तर तू उभा आहेस. तसाच राहा. कुणाच्याही फोनवरनं मला एवढंच सांग, "उभी हाय." जास्त बोलू नकोस, मला रडू येईल आणि इथं सगळे बघतील.

तुझ्या दोन शब्दांसाठी फोन मुठीत धरून जिन्यावर उभी असलेली,

तुझी रूपा