शपथेला कोण उभं राहणार

हैफू,
९ जानेवारी १९९८

चि. पी-युन हिस आशीर्वाद. मोठा भाऊ आहे म्हणून लिहावे लागतात, फार मनापासून आहेत असं समजू नकोस.

फोन केला की तू मध्येच ठेवतेस. पत्र मात्र शेवटपर्यंत वाचतेस आणि वर लाल शाईने चुका काढतेस. इतकी वर्षं शाळेत शिकवल्याची ती खोड आहे. म्हणून पत्र.

काल मासळीबाजाराच्या चौकातली तुझी प्रचारसभा ऐकली. समोर आलो नाही. कालवांचं ऑम्लेट विकणाऱ्या बाईच्या गाडीमागे स्टुलावर बसलो होतो. तिथे दोन्हीकडचं ऐकू येतं, तू बोलतेस ते आणि लोक बोलतात ते. तू म्हणालीस, वर्षअखेरच्या जेवणात मालक ज्याच्याकडे कोंबडीचं तोंड करून ताट ठेवतो त्याची नोकरी गेली असं आपण समजतो. श्याओ साहेबांच्या राज्यात ते तोंड कायम कामगाराकडेच असतं. लोक हसले. माझ्या कारखान्याचे तर सगळ्यांत मोठ्याने हसले. आता बुधवारी माझ्याकडचं जेवण आहे आणि मला कोंबडी मुंडकं छाटून वाढावी लागणार.

तू माझं नाव घेतलं नाहीस. तेवढी हुशारी तुला आहे. पण "ॲसिडच्या टाकीत उतरलेला माणूस" म्हटल्यावर काओ सोडून या गावात दुसरा कोण आठवणार? काओ गेला त्याचं मला वाईट वाटत नाही असं तुला वाटतं का? त्याच्या मयताच्या विधींना मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत होतो. पंखा बंद होता, वास साचला होता, आणि फोरमन वेईने त्याला गाळ काढायला खाली पाठवलं. सरकारी वकिलाने चौकशी करून वेईला धरलं. यात कारखान्याच्या मालकाने काय करायचं होतं, प्रत्येक टाकीवर खुर्ची टाकून बसायचं?

तू ज्यांच्याविरुद्ध उभी आहेस ते श्याओ साहेब नगराध्यक्ष म्हणून उगीच दोनदा निवडून आलेले नाहीत. ते म्हणतात कंपनी वेगळी, मालक वेगळा. ज्याचा हात चुकला त्याने भोगावं. प्रत्येक अपघाताला मालकाला आत टाकायचं ठरवलं तर पुढच्या वर्षी सगळे कारखाने समुद्रापलीकडे मुख्य भूमीवर गेलेले असतील, आणि तू रिकाम्या शेडमध्ये भाषणं करशील. मी त्यांच्या प्रचार समितीचा अध्यक्ष आहे आणि मला त्याची लाज नाही. माझ्या स्क्रूंच्या कारखान्यातल्या त्या ॲसिडच्या वासावरच तुझं कॉलेज झालं, तेव्हा तुझं नाक बंद होतं वाटतं.

लोभ आहे तेवढा पुरे. वाढवू नये.

तुझा दादा,
चिन-श्वेई

—

हैफू,
११ जानेवारी १९९८

ती. दादास सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे, पण नजर वर ठेवून.

तुझ्या पत्रात नऊ चुका आहेत. आठ शुद्धलेखनाच्या, त्या सोडून देते. नववी ही, की "पंखा बंद होता" असं तू लिहिलंस, जसं काही तो आपोआप झोपला होता.

श्याओंच्या मताबद्दल मी चौकात बोलले ते तुला लागलं, बरं झालं. अजून लागणार आहे. कंपनी वेगळी, मालक वेगळा! जपानची मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा वर्तमानपत्रात फोटो कुणाचा होता? कंपनीचा होता का? तेव्हा गळ्यात हार घालून तू उभा होतास. कारखानदार मंडळाच्या जेवणात "माझा कारखाना, माझी माणसं" म्हणत ग्लास उंचावतोस. माणूस मेला की मात्र कंपनी म्हणजे हवा. ना तोंड, ना पत्ता. श्याओ याला कायदा म्हणतात. आमच्या शाळेत सातवीची पोरं खिडकीची काच फोडून हेच सांगायची. काच चेंडूने फोडली, बाई, आम्ही नाही.

आणि समुद्रापलीकडची भीती मला घालू नकोस. इथली माणसं टाकीत मरावीत म्हणजे कारखाने इथे राहतील, असं श्याओंनी मंचावर सरळ म्हणून दाखवावं. मी स्वतः त्यांना माइक धरीन.

श्याओ परवाच्या सभेत म्हणाले की पंखा बंद असल्याची कारखान्यात वर कुणालाच कल्पना नव्हती. ठीक आहे. उद्याच्या सभेत मी जाहीर करणार आहे. कंपनीच्या जबाबदार व्यक्तीने येत्या शनिवारी नगरदेवाच्या देवळात यावं, रीतीप्रमाणे पांढऱ्या कोंबड्याची मान कापावी आणि शपथ घ्यावी, "पंखा बंद आहे हे मला माहीत नव्हतं, खोटं बोलत असेन तर माझं या कोंबड्यासारखं होवो." शपथ घेतली तर मी त्याच मंचावरून श्याओंची माफी मागेन आणि निवडणुकीतून बाजूला होईन. नाही घेतली तर वेई पाच महिने कोणासाठी कोठडीत बसलाय ते गावाला कळेल.

न्यायालयात तू काय वाटेल ते बोलशील, मला माहीत आहे. पण त्या देवळावरून जाताना तुझा आवाज अजून खाली येतो, तेही मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार. त्यांच्यावरचा लोभ कायम आहे.

पी-युन

—

हैफू,
१४ जानेवारी १९९८

चि. पी-युन हिस आशीर्वाद, आणि आज थोडं हसूही.

तुझं आव्हान लाउडस्पीकरच्या गाडीवरून तीनदा ऐकलं. शब्द न शब्द नीट ठरवलेले आहेत, "कंपनीची जबाबदार व्यक्ती". मालक नाही, चिन-श्वेई नाही. भावाचं नाव घ्यायला जीभ वळली नाही, म्हणून सरकारी शब्द शोधलास. आता ऐक.

माझी पहिली शेड बुडाली तेव्हा माझे चेक परत गेले होते. बँकवाला मला दारात उभा करत नव्हता. तेव्हा नवा कारखाना आईच्या नावाने काढला. या गावातले अर्धे कारखाने कुणाच्या ना कुणाच्या आईच्या, बायकोच्या नावावर आहेत, तुला माहीत नसेल तर फक्त तुलाच. परवाना ऑफिसच्या भिंतीवर टांगलेला आहे. जबाबदार व्यक्ती, श्रीमती थू लिन आ-यिन. तू माझ्या ऑफिसात कधी पाय ठेवला असतास तर दिसलं असतं. पण तुला तिथला वास सोसत नाही.

म्हणजे शनिवारी देवळात आई येणार. तू मागितलेलं माणूस तुला मिळेल. आणि गंमत ही की ती अगदी खरी शपथ घेईल. आई कारखान्यात शेवटची आली ती पूजेच्या वेळी. पंखा कुठे लागतो हेही तिला ठाऊक नाही. देव तिच्यावर रागवायचं कारण नाही.

हे मी श्याओ साहेबांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, तुमची बहीण कायद्याच्या वर्गात पहिली यायला हवी होती. कोंबडा त्यांच्याकडून येणार आहे. कॅमेरावालेही.

तू माफीचं भाषण लिहून ठेव. शुद्धलेखन मी तपासून देईन.

लोभ शनिवारपर्यंत राखून ठेवावा, तेव्हा तुला लागेल.

दादा

—

हैफू,
१५ जानेवारी १९९८

दादा,

नमस्कार नाही, विनंती विशेष नाही.

काओला तू टाकीत उतरवलंस, वेईला कोठडीत, आता आईला देवळात. स्वतः मात्र कायम काठावर उभा. श्याओंचं जे मत मी गावाला समजावत होते ते तू एका परवान्यात मांडून दाखवलंस. ज्याला सगळं माहीत आहे त्याचं नाव कुठे नाही, आणि जिचं नाव आहे तिला काही माहीत नाही. याला ते कायदा म्हणतात आणि चहा सांडेपर्यंत हसतात.

चूक माझीही झाली. तुझं नाव घ्यायला हवं होतं. भाऊ म्हणून वाचवलं आणि नेम आईवर बसला. माझी माणसं म्हणतात, आव्हान मागे घ्या. पण वेईची बायको रोज माझ्या ऑफिसात येऊन पत्रकं दुमडत बसते. तिच्यासमोर मी ते कसं मागे घेऊ? आईच्या जागी शपथ तू घेऊ शकतोस. शनिवारी तू उभा राहा. याहून जास्त मी काही मागणार नाही, एवढंच.

काल आईकडे जाऊन आले. ती शेंगा सोलत होती. तिने मला एकच विचारलं, जबाबदार व्यक्ती म्हणजे काय करायचं असतं. मी रागात होते. म्हणाले, काही झालं की ज्याला धरून नेतात, तो. तिने मान हलवली आणि शेंगा सोलत राहिली.

मी शनिवारी येणार नाही. तुझा तो तमाशा मला बघायचा नाही.

लोभाबद्दल काय लिहू?

पी-युन

—

हैफू,
२० जानेवारी १९९८

चि. पी-युन हिस,

आशीर्वाद लिहिलेले नाहीत, आज ते द्यायचा मला अधिकार आहे की नाही ते सरकारी वकील ठरवतायत.

तू आली नाहीस म्हणून लिहितो. तुझ्या माणसांनी सांगितलं असेल, पण ती मागे लाउडस्पीकरजवळ होती. मी आईच्या कोपराशी होतो.

देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आईने तो राखाडी कोट घातला होता. देवासमोर जसं सांगतो तसं तिने सगळं सांगितलं, नाव, जन्म, गल्ली, घर नंबर. मग म्हणाली, मी कंपनीची जबाबदार व्यक्ती, आणि ते तिने तिच्या घर नंबरासारखंच सांगितलं. श्याओंचा माणूस कोंबडा धरून उभा. सुरी तिच्या हातात. श्याओ मोठ्याने म्हणाले, आजी, फक्त म्हणा, मला माहीत नव्हतं.

आई म्हणाली, मला माहीत नव्हतं. टाळ्या वाजायला लागल्या. मग तिने कोंबड्याकडे बघितलं आणि म्हणाली, "याचा तर माझ्याहूनही कमी संबंध." लोक हसले. ती हसली नाही. श्याओंकडे वळली. "मला माहीत नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याचं नाव सांगा, म्हणजे सुरी त्याच्या हातात देते."

आणि सुरी मुठीकडून पुढे करून उभी राहिली. श्याओ माझ्याकडे बघायला लागले. मी उदबत्त्यांच्या कुंडाकडे बघत होतो. एवढ्या माणसांचं देऊळ, पण कोंबड्याच्या पायांचा आवाज ऐकू येत होता. कॅमेरे चालू होते, ते तू बघितलंच असशील.

सुरी तिने शेवटी पुजाऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि घरी गेली. मला वाटलं, संपलं.

काल सोमवारी सकाळी तुझ्या वहिनीचा फोन, की आई घरात नाही. सापडली ती जिल्ह्याच्या गावी, सरकारी वकिलाच्या कचेरीतल्या बाकावर. मांडीवर गाठोडं, त्यात दोन जोड कपडे, टॉवेल आणि गुडघ्याचं तेल. कारकून रडकुंडीला आला होता. ती त्याला सारखं एकच सांगत होती, जबाबदार मी आहे, मग वेईला का नेलं. त्याला सोडा, मी सामान घेऊन आले आहे. तो म्हणत होता, आजी, असं नसतं. ती म्हणत होती, कागदावर असंच आहे, माझ्या मुलाला विचारा.

मी तिला उठवायला गेलो. ती उठेना. मी सांगून पाहिलं, समजावून पाहिलं, ओरडूनही पाहिलं. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. शेवटी आतल्या खोलीत सरकारी वकिलासमोर मीच गेलो. पंखा जळाला होता ते वेईने मला सांगितलं होतं. जहाज चुकू नये म्हणून माल निघेपर्यंत तसंच चालवा असं मी म्हणालो होतो, आणि टाकी साफ करायलाही मीच सांगितलं होतं. हे सगळं बोललो. त्यांनी लिहून घेतलं. गाव सोडायचं नाही असं बजावून घरी पाठवलं.

हे तुझ्या मतांसाठी केलं असं पत्रकात छापलंस तर मी खटला भरेन. तुझ्यामुळे मी आत गेलो नाही. बाकावर माझी आई गाठोडं घेऊन बसली होती म्हणून गेलो.

श्याओ माझा फोन घेत नाहीत. आज दुपारी त्यांची गाडी ओरडत गेली की थू चिन-श्वेई यांच्याशी आमच्या प्रचाराचा काही संबंध नाही. कंपनी वेगळी, मालक वेगळा, आणि आता श्याओ वेगळे. तुझं त्यांच्याबद्दलचं म्हणणं खरं निघालं, ते तुला सांगताना माझा दात दुखतो. तरी येत्या शनिवारच्या मतदानात मत तुला देणार नाही. त्यांनाही नाही. घरी बसेन.

आई माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही बोलणार नाही असं वहिनीला म्हणाली. तिला देवासमोर उभं करायचं तू मागितलंस आणि मी केलं, तिच्या लेखी दोघं सारखेच.

वेईला उद्या सोडतायत. त्याला आणायला तू गेलीस तर फोटो निघतील, आणि मी गेलो तर तो गाडीत बसणार नाही. आई म्हणते, ती जाणार. परवान्यावर अजून तिचंच नाव आहे, असं म्हणते. मी गाडी चालवणार, तेवढी परवानगी मिळाली आहे. सकाळी आठला निघतोय, म्हणून हे पत्र टपालात न टाकता हाती पाठवतोय. मागच्या सीटवर आईशेजारी जागा आहे. खांद्यावर उमेदवारीच्या नावाचा पट्टा घालून आलीस तर मात्र दार उघडणार नाही.

बाकी लोभाचं आपण दोघांनी आईला विचारूनच ठरवावं.

चिन-श्वेई