नावाच्या रकान्यातली रेघ

आई, आज रविवार आहे आणि मी सुके बोंबील भाजलेत. खिडक्या गच्च बंद करून, एक्झॉस्ट फॅन फुल स्पीडवर ठेवून. इथे दुबईत, अल नहदाच्या या टॉवरमध्ये वास गेला तर समोरची फिलिपिनो बाई काही म्हणत नाही गं, तक्रार येते ती आपल्याच पुण्याच्या कुटुंबाची! तुझी नात नाक धरून, 'मॉम, सीरियसली?' म्हणत आपल्या खोलीत पळाली. आणि मी गॅससमोर उभी राहिले नि रडायलाच लागले. बोंबलाच्या वासाने रडू यावं, असं कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील. तुला सांगायला हरकत नाही.

महिनाअखेर म्हटलं की आपल्या घरी हाच वास. तू नर्स, आरोग्य उपकेंद्रावरून पाड्यांवर, पाड्यांवरून एसटीने घरी, पायाला ही धूळ, आणि आल्या आल्या चुलीवर बोंबील टाकून स्वयंपाकघरातच पाटावर रजिस्टर उघडायचीस. दुसरी जागा होती कुठे? तालुक्याला पाठवायचा रिपोर्ट माझ्याकडून उतरवून घ्यायचीस, कारण तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि माझं मोत्यासारखं. मी सातवीत होते. बाळाचं नाव, आईचं नाव, पाडा, वजन, शेरा. तू मध्येच बोंबलाचा तुकडा माझ्या तोंडात कोंबायचीस आणि ओरडायचीस, 'कागदाला तेल लावू नकोस गो बाय!' इतकं सुख मला पुढे कुठल्याही नोकरीत मिळालं नाही. तेव्हा ते सुख आहे हे कळायची अक्कल नव्हती.

त्याच दिवसांत मी ती एक ओळ गाळली. तुझ्या रजिस्टरमध्ये नावाच्या रकान्यात नुसती रेघ होती आणि शेऱ्यात 'मयत, तिसरा दिवस'. मला वाटलं, ज्याला नावच नाही त्याचं काय लिहायचं, आणि माझं पान किती स्वच्छ दिसत होतं! तू ताळा घेतलास, एक कमी आलं. मी कारण सांगितल्यावर तू मारलं नाहीस. मारलं असतंस तर बरं झालं असतं. 'नाव नाही म्हणजे जन्मलंच नाही होय?' एवढंच म्हणालीस आणि दुसऱ्या दिवशी शाळा बुडवून मला त्या पाड्यावर घेऊन गेलीस. ती बाई उंबऱ्यात बसलेली. तिने आपल्याला कोरा चहा दिला. तू विचारलंस, 'पोरं किती तुला?' ती म्हणाली, 'दोन.' तू चहा प्यायलीस, तिच्या कोंबड्यांची चौकशी केलीस, तिच्या पायाची सूज दाबून पाहिलीस. मग हळूच विचारलंस, 'पोटात किती वेळा धरलंस?' ती जमिनीकडे बघत म्हणाली, 'तीन.' परतीच्या एसटीत तू मला सांगितलंस की हा प्रश्न नेहमी दोनदा विचारायचा असतो, आणि दोन्ही वेळा वेगळा. पहिल्यांदा बाई जगाला देते ते उत्तर देते.

आता माझं ऐक. मी काय काम करते हे तुला नीट सांगायचं राहूनच गेलं. तू असताना मी दुबईत हॉटेलच्या रिसेप्शनला होते. नंतर कॉम्प्युटरचे कोर्स केले, आणि आता अल बर्शाच्या एका ऑफिसात बसून पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्यांमध्ये किती बाळं आणि किती बाळंतिणी दगावतात त्याचा हिशेब ठेवते. तिथल्या बायका घरोघर जाऊन फोनवर फॉर्म भरतात, तो इथे माझ्या स्क्रीनवर येतो. म्हणजे बघ, तुझंच काम, फक्त एसीत बसून आणि पायाला धूळ न लागता. लोकांना मी मोठ्या ऐटीत सांगते, माझी आई पण हेच करायची.

गेल्या महिन्यात मॅनेजरने एक यादी मागितली. ज्या बायका अर्धवट फॉर्म सोडून देतात त्यांना काढून टाकायचं होतं. मी यादी काढली. एकाच भागातल्या आठ बायका आल्या, आणि त्या भागाची सुपरवायझर म्हणजे साठीला आलेली एक सुईण. मला ती फोनवर 'माय डॉटर' म्हणते. त्यांच्या भागात पहिल्या आठवड्यात बाळ गेल्याची नोंद जवळजवळ नव्हतीच. मॅनेजर खूश, देणगीदार खूश, मीच केलेल्या आलेखाची रेघ कशी सुंदर खाली उतरत होती. आठ बायकांची नोकरी जाणार हे तिला आधी सांगावं म्हणून मी फोन केला. ती चिडली नाही. म्हणाली, 'माझ्या बायका आळशी नाहीत. थांब, पाठवते.' आणि व्हॉट्सॲपवर एका वहीचे फोटो यायला लागले. आले आणि येतच राहिले. आईचं नाव, गाव, तारीख. बाळाच्या नावाच्या जागी रेघ.

त्यांच्याकडे नाव आठव्या दिवशी ठेवतात. त्याआधी बाळ गेलं तर त्याला नाव नसतं, घरात त्याचा उच्चारही करत नाहीत. आणि आमच्या फॉर्ममध्ये नावासमोर लाल चांदणी होती. ते भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकायचाच नाही. खोटं नाव घालणं त्या बायकांना पाप वाटलं, म्हणून त्यांनी फॉर्म तिथेच सोडले आणि वहीत लिहून ठेवलं. बाळाबरोबर जी आई गेली, तिचं पान जन्माच्या पानानंतरच उघडायचं. म्हणजे त्या आयाही हिशेबातून गेल्या. ती लाल चांदणी मी लावली होती, आई. मीच! पान स्वच्छ दिसावं म्हणून.

आणि इतकंच असतं तर मी सावरले असते. मी जुने मेल शोधले. दोन वर्षांपूर्वी त्या सुईणीने विचारलं होतं, 'आठ दिवसांच्या आत गेलेल्या बाळाला आमच्याकडे नाव नसतं, तिथे काय लिहू?' खाली माझं उत्तर होतं, एका ओळीचं. 'नाव अनिवार्य आहे, कृपया माहिती पूर्ण भरावी.' त्या दिवशी मी बहुतेक घाईत असेन. मुलीच्या शाळेची बस असेल, ट्रॅफिक असेल, काहीतरी असेलच.

मॅनेजरला मी दुसऱ्याच दिवशी सगळं सांगितलं. चूक माझी आहे, आकडे खोटे आहेत, या बायकांना हात लावू नका. व्हिसा, भाडं, मुलीची फी, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. तो कपाळ चोळत म्हणाला, 'खलास, झालं ते झालं. फॉर्म दुरुस्त कर, आकडे दुरुस्त कर, देणगीदारांना मी बघतो.' यादी रद्द झाली. आठही बायका कामावर आहेत. आता फॉर्ममध्ये नावाच्या जागी रेघ चालते, आणि मुलं किती हा प्रश्न दोनदा येतो, तू विचारायचीस तसा. वहीतली सगळी पानं मी स्वतः भरतेय, दुसऱ्या कोणाला देत नाही. आलेखाची ती सुंदर रेघ पुन्हा वर चढलीय. तू पाहिली असतीस तर खूश झाली असतीस, असं मी स्वतःला सांगत होते.

पण ती खुशी खरी नाही. यादी रद्द झाल्यावर मी त्या सुईणीला फोन केला. तिने साधंच विचारलं, 'पण तेव्हा फॉर्म आमचं ऐकत का नव्हता?' आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'सिस्टिमचा प्रॉब्लेम होता.' तिला तो मेल आठवत नसावा, किंवा आठवतही असेल. ती म्हणाली, 'गॉड ब्लेस यू, माय डॉटर, तू सिस्टिमशी भांडलीस.' मी थँक यू म्हटलं. तिच्याकडून मी आशीर्वाद घेतला गं.

आज सकाळी मी बसले होते ती तिला लिहायला. तिचा नंबर माझ्याकडे आहे, ईमेल आहे, ती रविवारी प्रार्थनेनंतर घरीच असते. पहिली ओळ तीनदा लिहिली, तीनदा खोडली. मग वर 'आई' लिहिलं आणि भराभर सगळं जमत गेलं, कारण तू वाचणार नाहीस.