चौथ्या खणातला मुखवास

भावनगर, ८ डिसेंबर १९९३

चि. कल्लोलिनीस अनेक आशीर्वाद.

तू लेकीला घेऊन चहाही न पिता गेलीस. तेव्हापासून तुझी बा माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलते.

गुन्हा कबूल. जेवल्यावर हात मुखवासाच्या डब्याकडे जातोच, म्हणून ब्लडप्रेशरच्या गोळ्या पाकिटातून काढून त्याच्याच चौथ्या खणात ठेवल्या. तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजलो. घरभर मुखवास वाटायचं काम तुझ्या ध्वनीला मीच दिलेलं, आणि वाटता वाटता तिनं चौथा खणही चाखला. वाटणाऱ्यानं स्वतः खाऊ नये, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

आता पोरगी टुणटुणीत आहे. उत्तरायणाला पाठव, पतंग उडवताना माझी फिरकी धरायला कोणी नाही.

तुझ्या रागासकट तुझाच,
बापूजी

राजकोट, १४ डिसेंबर

ती. बापूजींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, आणि त्याचाच जास्त राग आला. तीन वर्षांची पोर हाका मारूनही डोळे उघडेना, आणि शेजारच्या रंजनबेन तिला मिठाचं पाणी पाजून ओकवायला निघालेल्या! बानं त्यांना हटकलं आणि तडक दवाखाना गाठला म्हणून बरं. तुम्ही मात्र चपला शोधत होतात.

औषधं कुलपात जाईपर्यंत ध्वनी येणार नाही.

माया आहे, म्हणूनच कडक,
कल्लोलिनी

भावनगर, २० डिसेंबर

चि. कल्लोलिनीस आशीर्वाद.

गोळ्या आता पाकिटातच, वरच्या कपाटात, कुलपात. किल्ली बाच्या कमरेला. रोज हात पसरावा लागतो. वर गिळली की नाही, हे जीभ काढून दाखवायचं. या वयात शाळा सुरू झाली.

एक मात्र लिहायचं टाळलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती गोळ्या कमी झाल्या? मला सांगता येईना. पोरी, इतका मी कधी घाबरलो नव्हतो. तू नाही म्हणालीस तरी ते बरोबरच आहे.

बापूजी

राजकोट, २७ डिसेंबर

ती. बापूजींस सा. न. वि. वि.

तुम्हाला आणखी चार नियम लिहायला बसले होते. पेन शोधायला उठले, तेवढ्यात ध्वनीनं माझी पर्स उघडली. रक्तवाढीच्या लाल गोळ्यांचं पाकीट तिच्या दातांत होतं. दहाच्या दहा शाबूत आहेत. मी मात्र अर्धा तास त्याच पुन्हा पुन्हा मोजत बसले.

उत्तरायणाच्या आदल्या दिवशी, तेराला आम्ही दोघी येतोय. त्याआधी मला एक खरमरीत पत्र लिहा. इथे सगळे समजूत घालतात, आणि मला ओरडणारं कोणी नाही.

तुमची,
कल्लोलिनी